विकत की महिन्याला? खंड, बियाणं आणि गाडीचं सॉफ्टवेअर

(शहापूर इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली रूपं बहुतेक ठिकाणी तशीच ठेवली आहेत.)



आजचा विषय कळल्यावर इथलेच दोघे-तिघे मला म्हणाले, आपोआप चालणाऱ्या गाडीचा आणि शहापूर-मुरबाडचा काय संबंध? इथे एसटी वेळेवर आली तरी पुष्कळ झालं. (हशा) खरं आहे. पण संबंध आहे, आणि तो मला एका ड्रायव्हरने दाखवला.

आसनगावकडचा तरुण आहे. टुरिस्ट गाडी चालवतो. विमानतळावरून माणसं घ्यायची आणि नाशिकला सोडायची, हा त्याचा धंदा. घरी थोडी भातशेती आहे. एकदा त्याच्या गाडीत अमेरिकेत राहणारं एक मराठी जोडपं बसलं. भिवंडीपासून कसाऱ्यापर्यंत त्या दोघांचा एकच वाद चालला होता. नवऱ्याचं म्हणणं, गाडी स्वतः चालवणारं सॉफ्टवेअर एकरकमी घेऊन टाकायला हवं होतं. बायकोचं म्हणणं, महिन्याला भरतोय तेच बरं, नको वाटलं तर बंद करता येतं. हा पुढे बसून ऐकत होता. नंतर भेटला तेव्हा मला म्हणाला, "सर, एवढे पैसे भरून रस्त्यावर लक्ष त्यांनीच ठेवायचं म्हणे. मग विकत घेतलं म्हणजे घेतलं काय?"

मला हा प्रश्न फार आवडला. दिसायला तो गाडीचा आहे, पण आहे इतिहासाचा. विकत घेणं म्हणजे नेमकं काय हातात येणं? आपल्या या दोन तालुक्यांत दोन-तीन पिढ्यांपूर्वी हाच प्रश्न जमिनीबद्दल विचारला गेला. त्याचं उत्तर मिळवायला लढा लागला, कायदा लागला, तलाठ्याच्या दप्तरात नोंद लागली. तो अनुभव आज उपयोगी पडतो का, एवढंच मला बघायचं आहे.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. टेस्ला कंपनीच्या गाडीत कॅमेरे आणि संगणक आधीच बसवलेले असतात. वेगळे पैसे भरले की 'फुल सेल्फ-ड्रायव्हिंग' नावाचं सॉफ्टवेअर चालू होतं. गाडी वळते, थांबते, लेन बदलते. पण ड्रायव्हरने लक्ष ठेवलंच पाहिजे. २०२४ पासून कंपनीने नावापुढे 'सुपरवाइज्ड' हा शब्दही जोडला, म्हणजे देखरेखीखाली. देखरेख कोणाची? पैसे भरणाऱ्याची.

आता किंमत. अमेरिकेत जुलै २०२१ मध्ये महिन्याची वर्गणी सुरू झाली ती १९९ डॉलरने. एकरकमी किंमत वाढत वाढत सप्टेंबर २०२२ मध्ये १५,००० डॉलरवर गेली. एप्रिल २०२४ मध्ये तीच ८,००० वर आली आणि वर्गणी ९९ डॉलर झाली. साधा हिशेब करा. ८,००० भागिले ९९, म्हणजे सुमारे ८१ महिने, पावणेसात वर्षं. तेवढी वर्षं तीच गाडी ठेवणार असाल तर एकरकमी परवडतं, नाहीतर महिन्याचं. कागदावर प्रश्न इथे संपतो. पण ज्याने १५,००० ला घेतलं, त्याच्या हाती दोन वर्षांच्या आत काय राहिलं? हे कागदावरच्या हिशेबात येत नाही.

आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात या कंपनीचं पहिलं शोरूम उघडलं. मॉडेल वायची किंमत ५९ लाख ८९ हजारांपासून, आणि या सॉफ्टवेअरचे वेगळे ६ लाख. पण त्या दिवशी ६ लाख भरले असते तरी गाडी इथल्या रस्त्यावर स्वतः चालणार नव्हती. ती सोय पुढे येणार होती. म्हणजे विकली जात होती ती वस्तू कमी आणि भरवसा जास्त.

हे लक्षात ठेवा, आणि आता आपण आपल्या मुलखात येऊ.

वापराचे पैसे देणं आपल्याला नवीन नाही. मुरबाड तालुक्यात वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून गेलं की वर तो मोठा दगडी रांजण आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल. परंपरेने तो जकातीचा रांजण मानला जातो. जवळच्याच लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, म्हणजे वाट दोन हजार वर्षांची. कोकणातला माल बैलांच्या पाठीवर लादून व्यापारी जुन्नरकडे चढायचे आणि जकात द्यायचे. त्यांना घाट विकत घ्यायची गरज नव्हती. वर्षातून दोन खेपा असतील तर दोनदा पैसे. आजचा टोल तोच.

या व्यवहारात वाईट काही नाही. का नाही? कारण काय मिळालं ते स्पष्ट आहे. वर पोचलात की पैसे वसूल. आणि उद्या व्यापार सोडला तर कोणी घरी येऊन जकात मागत नाही. वापराचं भाडं न्याय्य असतं ते या दोन अटींवर: मिळणारी गोष्ट स्पष्ट हवी, आणि सोडून जाण्याची मोकळीक हवी.

जमिनीचा खंड मात्र वेगळा होता.

जमीन सावकाराची किंवा जमीनदाराची, कसणारं कूळ. राब भाजायचा कुळाने, नांगर-बैल कुळाचे, लावणी कुळाच्या घरच्यांनी करायची, आणि खळ्यावर भात मापून खंड द्यायचा. काही ठिकाणी अर्धेल, म्हणजे निम्मं पीक. मिळणारी गोष्ट स्पष्ट होती, जमीन. पण सोडून जायची मोकळीक कुठे होती? दुसरी जमीन नाही, दुसरं काम नाही. आणि मालकाला मात्र कुळाला काढायची पूर्ण मोकळीक. पावती नाही, नोंद नाही. वीस वर्षं खंड भरला तरी एकविसाव्या वर्षी कूळ तिथेच, उंबऱ्याबाहेर. आदिवासी घरांची अवस्था याहून वाईट. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी आयुष्यभर राबायचं, त्याला लग्नगडी म्हणत.

आता कोणी म्हणेल, गाडीच्या वर्गणीची तुलना तुम्ही याच्याशी करता? नाही, करत नाही. साठ लाखांची गाडी घेणारा आणि लग्नगडी, यांना एका ओळीत बसवणं हा त्या माणसांचा अपमान होईल. मी तुलना करतोय ती व्यवहाराच्या बांधणीची. किल्ली कोणाच्या हातात, अटी कोण बदलू शकतो, आणि सोडायला कोण मोकळा, एवढंच पाहतोय.

तर पुढे काय झालं? जानेवारी १९४५ मध्ये इथून जवळच, टिटवाळ्याला, किसान सभेची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांचं नाव तुम्हाला माहीत आहे. त्याच वर्षी वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. त्याचा जोर तलासरी, डहाणू, उंबरगावकडे जास्त. पण जिल्हा एकच होता, वारं सगळीकडे गेलं.

१९४८ मध्ये मुंबई कूळवहिवाट कायदा आला. खंडाला मर्यादा आली, मनाला येईल तेव्हा कुळाला काढणं अवघड झालं. मग १९५६ ची दुरुस्ती, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कायद्याने ठरवलं की कसणारं कूळ हे जमिनीचा खरेदीदार मानलं जाईल. बघा, कुळाने अर्ज करून विकत घ्यायची नव्हती. कायद्यानेच त्याला खरेदीदार मानलं.

किंमत मालकाने ठरवायची नव्हती. कलम ३२-ग खाली शेतजमीन न्यायाधिकरण चौकशी करणार आणि किंमत ठरवणार, साधारणपणे आकाराच्या २० ते २०० पट. हप्त्याने भरायची सोय होती. पैसे पुरे झाले की ३२-म चं प्रमाणपत्र. ज्यांच्या घरी ते जुनं पिवळं पडलेलं प्रमाणपत्र असेल त्यांनी ते जपून ठेवा, त्या कागदामागे फार मोठा इतिहास आहे.

पण याच कायद्यात दोन गोष्टी अशा आहेत, ज्या आज आपल्या कामाच्या आहेत.

पहिली. कूळ चौकशीला हजर राहिलं नाही, किंवा 'मला घ्यायची नाही' असं त्याने लिहून दिलं, तर खरेदी निष्फळ ठरवता येत होती. आता विचार करा. नोटीस आली, वाचता येत नाही, मालकाचं वजन गावात. तो म्हणतो, कशाला तहसीलला जातोस, मी आहे ना. कायद्याने दिलेला हक्क असा गैरहजेरीत जाऊ शकत होता. म्हणजे अटींचा कागद कोण वाचतो, यावर मालकी ठरत होती.

दुसरी गोष्ट कलम ४३. कुळाने विकत घेतलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता, गहाण टाकता, बक्षीस देता येत नव्हती. सातबाऱ्यावर इतर हक्कात तो शेरा आजही दिसतो, 'कलम ४३ च्या बंधनास पात्र'. पैसे भरले, नाव लागलं, तरी बंधन राहिलं. हेतू चांगला होता. अडचणीत सापडलेल्या माणसाची जमीन पुन्हा सावकाराच्या घशात जाऊ नये. पण ज्याला मुलीच्या आजारपणासाठी तुकडा विकायचा होता, त्याला ते बंधनच वाटलं. २०१४ मध्ये दुरुस्ती झाली. खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या ४० पट नजराणा भरून परवानगीशिवाय व्यवहार करता येतो.

यातून मी काय शिकलो? 'विकत घेतलं' हा एक शब्द आहे, पण त्याच्या पोटात तीन वेगवेगळे हक्क असतात. एक, माझ्याकडून कोणी काढून घेणार नाही. दोन, मला ते दुसऱ्याला देता येईल. तीन, अटी आणि किंमत समोरचा एकटा बदलणार नाही. हे तिन्ही असतील तर पूर्ण खरेदी. एखादा कमी असेल तर तेवढी अपुरी.

आता जमिनीवरून बियाण्यावर येऊ, कारण सॉफ्टवेअरच्या अधिक जवळचं तेच आहे.

आपल्या आज्या-पणज्या खळ्यावरच चांगल्या लोंब्या वेगळ्या काढायच्या, बी कणगीत ठेवायचं, पुढच्या वर्षी तेच राबात टाकायचं. बी एकदा घरात आलं की घरचं झालं. मग शेजारच्या कर्जतच्या भात संशोधन केंद्राने सुधारित जाती दिल्या. कर्जत-३ सारख्या जातीचं बी शेतकरी घरी ठेवू शकतो. त्याच केंद्राने १९९८ मध्ये सह्याद्री हा संकरित भात आणला. उत्पादन जास्त, पण त्याचं बी घरी ठेवून चालत नाही. पुढच्या पिढीत रोपं एकसारखी येत नाहीत, काही उंच, काही बुटकी, काही आधी पिकणारी. म्हणून दर वर्षी नवी पिशवी. ही वर्गणीच झाली. पण यात फसवणूक नाही, तो संकराचा स्वभाव आहे. आणि नको असेल तर शेतकरी पुढच्या पावसात कर्जत-३ कडे वळू शकतो.

आपल्याकडे कापूस नाही, पण विदर्भ-मराठवाड्यातला एक प्रकार इथे सांगितला पाहिजे. बीटी कापसाच्या पाकिटाच्या किमतीत बियाण्याच्या दामाशिवाय आत घातलेल्या गुणाचं स्वामित्वशुल्क असायचं. बी शेतकऱ्याने विकत घेतलं, पण त्यातल्या गुणाचे पैसे वेगळे, दर हंगामाला. वाद झाला, राज्य सरकारांनी किमतीवर मर्यादा घातल्या, आणि २०१६ पासून केंद्र सरकारने हे शुल्क ठरवायला सुरुवात केली. बीजी-२ साठी पाकिटामागे ४९ रुपये, मग कमी कमी करत २०२० मध्ये शून्य. त्याआधी २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क दिलाच होता. ब्रँडच्या नावाने विकायचं नाही, एवढी अट.

म्हणजे जमिनीत काय, बियाण्यात काय, वस्तू देणारा एकटा अटी ठरवत होता तोवर कसणाऱ्याचं नुकसान होत होतं. मध्ये कायदा आला तेव्हा थोडा तोल आला.

आता हे तीन हक्क घेऊन पुन्हा गाडीकडे जाऊ.

काढून घेता येतं का? २०२० च्या सुरुवातीला अमेरिकेत एक प्रकरण गाजलं. एका माणसाने डीलरकडून वापरलेली टेस्ला घेतली. जाहिरातीत सॉफ्टवेअरच्या सोयी होत्या. कंपनीने त्या दुरूनच बंद केल्या, म्हणे यांचे पैसे भरलेले नाहीत. बोंबाबोंब झाल्यावर परत दिल्या. दिल्या हे चांगलं, पण दुरून काढता येतात हे कळलं. जमीनदाराला निदान बांधावर यावं लागायचं.

दुसऱ्याला देता येतं का? हे सॉफ्टवेअर साधारणपणे त्या गाडीला चिकटलेलं असतं, माणसाला नाही. नवी गाडी घेतली की जुन्यावर भरलेले पैसे जुन्याबरोबर गेले. २०२३ मध्ये कंपनीने काही काळ ते नव्या गाडीवर न्यायची सवलत दिली. सवलत म्हणजे हक्क नव्हे. हे त्यांचं कलम ४३, आणि त्यात दुबळ्याला वाचवण्याचा हेतूही नाही.

अटी एकतर्फी बदलतात का? जानेवारी २०२५ मध्ये कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी मान्य केलं की ज्यांनी हे सॉफ्टवेअर विकत घेतलं त्यांच्या जुन्या गाड्यांतला संगणक बदलावा लागेल. म्हणजे विकत घेतलेली गोष्ट चालायला दुसरं यंत्र लागणार. आणि जानेवारी २०२६ मध्ये त्यांनी जाहीर केलं की १४ फेब्रुवारीनंतर एकरकमी विक्रीच बंद, फक्त महिन्याची वर्गणी. गाडीतल्या त्या नवरा-बायकोचा वाद कंपनीनेच मिटवून टाकला. विकत की महिन्याला, हे ठरवणं घेणाऱ्याच्या हातात होतं असं आपल्याला वाटत होतं, पण खंडाची पद्धत कुळाने कधी ठरवली होती?

मग माझं मत काय? जो अशा गाडीतून रोज लांब जातो, जिथे हे चालतं अशा देशात राहतो, त्याने महिन्याला भरावं. कारण त्याला नाणेघाटाच्या जकातीच्या दोन्ही अटी लागू होतात. या महिन्यात काय मिळालं ते दिसतं, आणि पुढच्या महिन्यात सोडता येतं. एकरकमी खरेदीला मी विरोध केला असता का? तीन हक्क मिळत असते तर नसता. ते मिळत नसताना एकरकमी देणं म्हणजे पुढच्या काही वर्षांचा खंड आगाऊ भरून खरेदीखत झालं असं समजणं.

एक धोका मात्र सांगतो. महिन्याची वर्गणी जकातीसारखी राहते ती सोडून जाता येतं तोवरच. उद्या साधी, वर्गणीशिवाय चालणारी गाडी बाजारात मिळेनाशी झाली, तर तिचा खंड होईल. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत गाडीत आधीच बसवलेली सीट गरम करायला महिन्याचे पैसे मागितले. लोक चिडले आणि पुढच्या वर्षी कंपनीने ते मागे घेतलं. तिथे लोकांनी चिडणं पुरलं. दर वेळी पुरेल असं नाही.

आणि आपल्या इथलं काय? ५ जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. आपल्याच तालुक्यातून जातो. काहींच्या जमिनी त्यात गेल्या, पैसे एकदाच आले. दुचाकीला बंदी, आखलेल्या लेन, असा रस्ता या सॉफ्टवेअरला मानवेल. पण समृद्धीवरून उतरून डोळखांबला जायचं म्हटलं, किंवा पावसाळ्यात धुक्यात माळशेज चढायचा म्हटला, तर गाडीच्या डोक्यापेक्षा ड्रायव्हरचं डोकं लागतं. नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरला सांगितलं होतं की ड्रायव्हर बेकार होतील म्हणून विनाचालक गाड्या भारतात येऊ देणार नाही. मंत्र्याच्या शब्दाने थोडा वेळ मिळतो, पण शब्द म्हणजे कायदा नव्हे. आपल्या आसनगावच्या ड्रायव्हरला वेळ मिळालाय, तेवढ्यात काही मागून घ्यायला हवं.

काय मागायचं? ज्याने विकत घेतलं म्हणून पैसे घेतले, त्याला ते दुरून काढता येणार नाही. गाडी विकली तर सोय नव्या मालकाकडे जाईल. कबूल केलेली सोय ठरल्या मुदतीत आली नाही तर पैसे परत. आणि गाडी सॉफ्टवेअर चालवत असताना अपघात झाला तर जबाबदारी कोणाची हे आधी लिहिलेलं असेल. १९४८ आणि १९५७ ने जे जमिनीसाठी केलं, तेच इथे थोड्या प्रमाणात.

त्या ड्रायव्हरला मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नव्हतो. आज देतो. बाबा, तुझा प्रश्न बरोबर होता. पैसेही त्यांनीच भरायचे आणि लक्षही त्यांनीच ठेवायचं, तर त्यांनी विकत घेतलं ते वापरायची परवानगी. ती महिन्याला घेतली तर निदान महिन्याने परत देता येते. आणि तुझ्या घरात ३२-म चं प्रमाणपत्र असेल, तर ते एकदा काढून वाच. खरेदी म्हणजे काय, ते त्यात लिहिलेलं आहे.

एवढं बोलून थांबतो.